कर्नल थ्रेडच्या आरंभीचे अपयश : लिनक्समधील हाताळणीची एक चिकित्सा

सारांश

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, आपली अनेक कामे पार्श्वभूमीवर चालणाऱ्या थ्रेडांवर सोपवितो. असा थ्रेड निर्माणच होऊ शकला नाही तर कर्नलने काय करावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलच्या जेबीडी या यंत्रणेत २००७ साली झालेली एक छोटी दुरुस्ती केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. अपयश कळविणे आणि अपयशाचे कारण कळविणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या असून लिनक्सने पहिली बऱ्याच अंशी पार पाडली, दुसरीकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : कर्नल थ्रेड, आरंभीचे अपयश, जर्नल, त्रुटी-संकेतांक, प्रतीक्षा, माघार.

प्रस्तावना

कार्यप्रणालीविषयीच्या पाठ्यपुस्तकांत थ्रेडांचे वेळापत्रक, त्यांच्यातील समन्वय, कुलुपे आणि कोंडी यांची सविस्तर चर्चा असते. थ्रेड आहे हे तेथे गृहीतच धरलेले असते. तो जन्माला येताना काही बिघडू शकते, ही शक्यता बहुधा एखाद्या ओळीत उरकली जाते. प्रत्यक्षातील कर्नलमध्ये मात्र ही ओळ शेकडो ठिकाणी लिहावी लागते आणि प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ वेगळा असतो.

सामान्य कार्यक्रमाला नवा थ्रेड मिळाला नाही तर तो कार्यक्रम बंद पडतो; संगणक चालू राहतो. कर्नलला ही सोय नाही. त्याच्या खाली दुसरे कोणी सावरणारे नाही आणि त्याच्या वर चालणारे सर्व कार्यक्रम त्याच्या भरवशावर आहेत. त्यामुळे कर्नल थ्रेडच्या आरंभीचे अपयश कसे हाताळले आहे, हे पाहिले की त्या कर्नलच्या रचनाकारांनी जबाबदारीची वाटणी कशी केली आहे, हेही दिसू लागते.

१. कर्नल थ्रेड आणि त्याचा जन्म

कर्नल थ्रेड म्हणजे वापरकर्त्याच्या कोणत्याही कार्यक्रमाशी न जोडलेला, केवळ कर्नलच्याच स्मृतिक्षेत्रात चालणारा कामकरी. मोकळी स्मृती कमी पडू लागली की जुनी पाने बाजूला काढणारा ‘के-स्वॅप-डी’, लांबणीवर टाकलेली व्यत्यय-कामे उरकणारा ‘के-सॉफ्ट-आयआरक्यू-डी’, डिस्कवरील नोंदी ठरावीक काळाने पक्क्या करणारा ‘के-जर्नल-डी’ ही त्याची परिचित उदाहरणे होत.

लिनक्समध्ये पूर्वी असा थ्रेड निर्माण करण्यासाठी ‘कर्नल_थ्रेड’ हे कार्य थेट वापरले जाई. ज्या प्रक्रियेने ते वापरले तिचे काही गुणधर्म नव्या थ्रेडला चिकटत आणि ते झटकण्याचे काम प्रत्येक लेखकाला स्वतंत्रपणे करावे लागे. २००४ साली रस्टी रसेल यांनी लिहिलेल्या ‘के-थ्रेड’ या संचाने ही पद्धत बदलली. ‘केथ्रेड_क्रिएट’ने थ्रेड निर्माण करावा, तो झोपलेल्या अवस्थेत मिळावा, मग त्याला जागे करावे आणि काम संपल्यावर ‘केथ्रेड_स्टॉप’ने थांबवावे, अशी शिस्त आली. निर्माण करणे आणि जागे करणे या दोन पायऱ्या एकत्र करणारे ‘केथ्रेड_रन’ हे सोयीचे रूपही त्यात आहे. २००७ पासून ही निर्मिती ‘केथ्रेड-डी’ नावाच्या एका स्वतंत्र थ्रेडमार्फत होते. मागणी करणारा कोणीही असो, नवा थ्रेड स्वच्छ वातावरणात जन्मावा, हा त्यामागील हेतू.

येथेच एक लक्षणीय बारकावा आहे. सर्व कर्नल थ्रेडांना जन्म देणारा ‘केथ्रेड-डी’ हा स्वतःही एक थ्रेड आहे. संगणक सुरू होताना ‘इनिट’ला १ हा क्रमांक मिळावा म्हणून ते आधी निर्माण केले जाते आणि ‘केथ्रेड-डी’ला २ हा क्रमांक मिळतो. परंतु ‘इनिट’ आधी धावू लागले आणि त्याने थ्रेड मागितला, तर तो देणारा अस्तित्वातच नसेल आणि कर्नल कोसळेल. म्हणून ‘केथ्रेड-डी’ तयार असल्याची खूण मिळेपर्यंत ‘इनिट’ला थांबविले जाते. निर्माण होणे आणि तयार असणे यांतील हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरते.

थ्रेड निर्माण न होण्याची कारणे मोजकी आहेत. थ्रेडच्या नोंदीसाठी व त्याच्या स्टॅकसाठी स्मृती न मिळणे, हे पहिले. एकूण थ्रेडांची मर्यादा संपणे, हे दुसरे. लिनक्समध्ये ही मर्यादा मुळात अशी ठरविली जाते की थ्रेडांच्या रचनांनी उपलब्ध स्मृतीचा साधारण एक अष्टमांशापेक्षा अधिक भाग व्यापू नये. मागणी करणारी प्रक्रियाच मध्येच मारली जाणे, हे तिसरे कारण २०१३ नंतर आले. त्याचा विचार पुढे केला आहे.

अपयश कळविण्याची लिनक्समधील रीतही समजून घेणे आवश्यक आहे. ‘केथ्रेड_रन’ एक पॉइंटर परत देते. काम साधले तर तो थ्रेडच्या नोंदीचा पत्ता असतो. फसले तर त्याच पॉइंटरमध्ये त्रुटी-संकेतांक दडविलेला असतो. पत्त्यांच्या अगदी शेवटच्या ४०९५ किमती यासाठी राखून ठेवल्या आहेत. एकाच परतमूल्यात यश आणि अपयशाचे कारण अशी दोन्ही मावतात, हा या युक्तीचा गुण. दोष असा की अपयशाचे हे चिन्ह शून्य नसते. शून्य आहे का, एवढेच पाहणाऱ्या लेखकाला अपयश हे यशच वाटते. तो ते मूल्य जपून ठेवतो, आणि पुढे कधीतरी ‘केथ्रेड_स्टॉप’च्या हाती ते पडले की जेथे चूक झाली तेथून फार दूर, फार उशिरा कर्नल कोसळतो.

२. न आलेल्या थ्रेडची प्रतीक्षा : जेबीडीचे प्रकरण

लिनक्सच्या २.४ मालिकेत २००१ साली ‘एक्स्ट-थ्री’ ही फाइल प्रणाली समाविष्ट झाली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे जर्नल. व्यापारी आधी रोजकीर्दीत नोंद करतो आणि मग खतावणी करतो, तसेच येथेही घडते. डिस्कवरील बदल आधी जर्नलमध्ये लिहिले जातात व मागाहून मूळ जागी जातात. मध्येच वीज गेली तर रोजकीर्द वाचून हिशेब पुन्हा जुळविता येतो. हे काम करणारा स्तर म्हणजे जेबीडी, आणि सामान्यतः दर ५ सेकंदांनी नोंदी पक्क्या करणारा त्याचा कामकरी म्हणजे ‘के-जर्नल-डी’.

फाइल प्रणाली माउंट करताना जेबीडीने हा थ्रेड सुरू करायचा असतो. त्यासाठीचे कार्य अगदी छोटे होते. त्यात दोनच पायऱ्या होत्या : थ्रेड निर्माण करणे आणि त्याने हजेरी लावेपर्यंत थांबणे. हजेरी म्हणजे ‘के-जर्नल-डी’ने धावू लागताच जर्नलच्या नोंदीत स्वतःचा पत्ता लिहिणे आणि थांबलेल्याला जागे करणे. निर्माण होणे आणि तयार असणे हे वेगळे आहे, याचे भान या रचनेत होते. त्या दृष्टीने ती प्रगल्भच म्हटली पाहिजे.

उणीव एवढीच होती की पहिल्या पायरीचे परतमूल्य कोणी पाहत नव्हते. थ्रेड निर्माण झाला नाही, तर हजेरी लावणारा कोणीच नसतो. तरीही दुसरी पायरी त्याच निष्ठेने सुरू होते. ही प्रतीक्षा खंडित न होणाऱ्या प्रकारची असल्यामुळे माउंट करणारी प्रक्रिया कायमची अडकते. प्रशासकाने तिला मारण्याचा सिग्नल पाठविला तरी ती मरत नाही. फाइल प्रणालीच्या सुपरब्लॉकचे कुलूपही तिच्याच हाती राहते. परिणामी तेच उपकरण मागणारी दुसरी प्रक्रियाही त्या कुलपाशी येऊन थांबते. संगणक पुन्हा सुरू करणे हाच व्यवहारातील उपाय उरतो. एका न जन्मलेल्या थ्रेडपायी चालू असलेली इतर सर्व कामे मोडावी लागतात.

या दोषाचे स्वरूप विशेष आहे. कर्नल कोसळत नाही, डिस्कवरील माहिती बिघडत नाही, पडद्यावर त्रुटीचा संदेशही येत नाही. काही घडत नाही, हेच त्याचे एकमेव लक्षण होय. कोसळण्याने निदान पुरावा मागे राहतो. मौनाने तोही राहत नाही.

२००७ साली पावेल एमेल्यानोव्ह यांनी हा दोष दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती २.६.२२ या आवृत्तीत आली. थ्रेड सुरू करणारे कार्य पूर्वी काहीच परत देत नसे, ते आता पूर्णांक परत देऊ लागले. निर्मिती फसल्यास प्रतीक्षा न करता त्रुटी-संकेतांक घेऊन परतू लागले. आणि त्याला बोलाविणारे कार्य, जे पूर्वी ठोकळ्यासारखे शून्य म्हणजे ‘सर्व ठीक’ असे सांगे, ते हा संकेतांक पुढे देऊ लागले. थ्रेडांची कमाल मर्यादा गाठली असता हा प्रसंग उद्भवण्याची शक्यता असल्याचे दुरुस्तीसोबतच्या टिपणात नमूद होते. प्रक्रियांच्या संख्येवर आणि कर्नल-स्मृतीवर बंधन घालणाऱ्या आभासी यंत्रणांमध्ये तो निर्णायक ठरेल, हा इशाराही त्यात होता. आधी जी गोष्ट अपवादात्मक होती, ती एकाच यंत्रावर अनेकांना बंदिस्त वाटे देण्याच्या काळात नित्याची होऊ शकते, हे त्यात नेमके ओळखले होते.

३. दुरुस्तीचे मूल्यमापन

ही दुरुस्ती इतक्या थोड्या ओळींत का बसली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर असे की माघारीची वाट आधीच बांधलेली होती. जर्नल लोड करण्यात अपयश आले तर ‘एक्स्ट-थ्री’ जर्नल मोडीत काढून माउंट नाकारत असे. जर्नल मोडीत काढणारे कार्य थ्रेडला थांबविण्याचा प्रयत्न करी, पण थ्रेडचा पत्ता नोंदलेला असेल तरच. पत्ता नसेल तर ते निमूटपणे पुढे जाई. म्हणजेच न जन्मलेल्या थ्रेडलाही ही माघार पेलत होती. वाट होती, त्या वाटेवर जा, असे सांगणारा निरोप तेवढा पोहोचत नव्हता.

थ्रेड ज्या टप्प्यावर सुरू केला जातो तो टप्पाही अनुकूल होता. त्या वेळेपर्यंत जुन्या नोंदींची वसुली पूर्ण झालेली असते, जर्नलचे शीर्षपान डिस्कवर नव्याने लिहिलेले असते आणि वापरकर्त्याचा एकही नवा बदल स्वीकारलेला नसतो. तेथून मागे फिरण्यात कोणाचेही नुकसान नाही. हाच थ्रेड फाइल प्रणाली वापरात आल्यानंतर प्रथम गरज पडेल तेव्हा निर्माण करण्याची रचना असती, तर त्याचे अपयश म्हणजे स्वीकारलेल्या बदलांचा विश्वासघात ठरला असता. यातून एक तत्त्व निघते : ज्या थ्रेडवर वचन अवलंबून आहे, तो वचन देण्यापूर्वी निर्माण करावा. नंतर अपयश कळविता येईलही. परत घेता येणार नाही.

येथवर दुरुस्तीची बाजू भक्कम आहे. तिची मर्यादा पुढच्या पायरीवर दिसते. जर्नल लोड करणाऱ्या वरच्या कार्यात वसुलीचे अपयश आणि जर्नल पूर्ववत करण्याचे अपयश या दोहोंसाठी एकच शेवट होता. कोणतेही कारण असो, वसुली अयशस्वी झाल्याचा संदेश नोंदवायचा आणि ‘ई-आय-ओ’ हा संकेतांक परत द्यायचा. ‘ई-आय-ओ’चा रूढ अर्थ वाचन-लेखनात बिघाड, म्हणजे व्यवहारात डिस्क खराब झाल्याची शंका. खालून ‘स्मृती नाही’ अथवा ‘थ्रेडांची मर्यादा संपली’ असा निरोप निघाला, तरी वर पोहोचेपर्यंत त्याचे ‘डिस्कमध्ये बिघाड’ असे रूपांतर होई.

प्रशासकाच्या दृष्टीने हा फरक शाब्दिक नाही. स्मृती अपुरी असेल तर काही कार्यक्रम बंद करून पुन्हा माउंट करणे पुरेसे आहे. वसुली अयशस्वी असेल तर फाइल प्रणालीची तपासणी, प्रसंगी डिस्क बदलणे आणि जुन्या प्रतीवरून माहिती परत आणणे, असा खर्चिक व जोखमीचा मार्ग सुरू होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी ही स्थिती होय. एमेल्यानोव्ह यांच्या दुरुस्तीला याबद्दल दोष देणे उचित ठरणार नाही. तिचे काम अडकलेल्या प्रक्रियेची सुटका करण्याचे होते आणि ते तिने केले. परंतु आपण सोडलेला संकेतांक वर कोणत्या शब्दांत पोहोचतो, हा प्रश्न त्या वेळी अनुत्तरित राहिला. जेबीडीचा उत्तराधिकारी असलेल्या जेबीडी-टू या स्तरात पुढे वसुलीचे अपयश व पूर्ववत करण्याचे अपयश यांसाठी वेगळे संदेश आले आणि मूळ संकेतांकही जसाच्या तसा वर जाऊ लागला. हा बदल व्हावा लागला, यातच पहिल्या दुरुस्तीचे अपुरेपण स्पष्ट होते.

४. अपयशापुढील चार भूमिका

जेबीडीने स्वीकारलेली ‘नकार देऊन माघार घेणे’ ही एकमेव भूमिका नव्हे. कर्नलमध्ये निदान आणखी तीन भूमिका आढळतात आणि प्रत्येकीला आपापली संगती आहे.

पहिली भूमिका सर्वकाही थांबविण्याची. ‘के-सॉफ्ट-आयआरक्यू-डी’ हे थ्रेड संगणक सुरू होताना निर्माण होऊ शकले नाहीत, तर लिनक्स पुढे जात नाही. कर्नलमधील गंभीर दोष म्हणून तेथेच थांबतो. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीत ही भूमिका अधिक सरसकट आहे. स्मृतिपानांची व्यवस्था पाहणारा ‘पेज-डीमन’ अथवा डिस्कशी मेळ राखणारा ‘सिंकर’ यांसारखे कामकरी ‘केप्रॉक_स्टार्ट’ या समान कार्यातून सुरू होतात, आणि त्यांपैकी एकही सुरू झाला नाही तर ते कार्य कामकऱ्याचे नाव व संकेतांक छापून संपूर्ण प्रणाली थांबविते. ही भूमिका कठोर असली तरी असमंजस नाही. संगणक नुकताच सुरू होत असताना स्मृती जवळजवळ पूर्ण मोकळी असते. तेव्हाही एक थ्रेड मिळत नसेल तर मूळ दोष अन्यत्र आहे आणि पुढे रेटण्यात अर्थ नाही. शिवाय नाव व संकेतांक छापल्यामुळे कारण हरवत नाही.

‘के-स्वॅप-डी’च्या हाताळणीत या भूमिकेची काळाशी घातलेली सांगड दिसते. स्मृतीच्या प्रत्येक विभागासाठी एक ‘के-स्वॅप-डी’ असतो. संगणक सुरू होताना तो निर्माण न झाल्यास ते अपयश प्राणघातक मानले जाते. पण चालू यंत्राला स्मृतीचा नवा विभाग जोडताना तसे झाल्यास केवळ विभागाच्या क्रमांकासह त्रुटी नोंदविली जाते आणि थ्रेडच्या पत्त्याची जागा शून्य केली जाते. हे शून्य करणे महत्त्वाचे आहे. तेथे त्रुटी दडविलेला पॉइंटर तसाच राहिला असता, तर पुढे थ्रेड थांबविणाऱ्या कार्याने त्याला खरा पत्ता समजून घात केला असता. कृती एकच, अपयशही एकच. परंतु माघारीची शक्यता आणि माघारीची किंमत बदलताच योग्य उत्तरही बदलते.

दुसरी भूमिका दुर्लक्ष करून पुढे जाण्याची. स्मृती पूर्ण संपली असता मारलेल्या प्रक्रियेची स्मृती झटपट सोडविणारा ‘ओओएम-रीपर’ २०१६ साली लिनक्समध्ये आला. त्याच्या आरंभीच्या रूपात थ्रेड सुरू न झाल्यास तशी नोंद करून काम पुढे चालू ठेवले जाई. तो थ्रेड मुळात जादा आधार म्हणून योजलेला असल्याने ही भूमिका समर्थनीय होती. याउलट ‘के-हंग-टास्क-डी’चे उदाहरण विचारात पाडणारे आहे. साधारणतः १२० सेकंदांहून अधिक काळ खंडित न होणाऱ्या प्रतीक्षेत अडकलेल्या प्रक्रिया शोधून त्यांची नोंद करणे, हे त्याचे काम. जेबीडीतील मौन उघडे पाडू शकणारा हाच पहारेकरी. मात्र तो स्वतः सुरू झाला की नाही, हे सुरू करणारे कार्य तपासत नाही. संगणक सुरू होतानाच्या मोकळ्या स्मृतीचा युक्तिवाद येथेही लागू पडतो, हे खरे. तरी पहारेकरी नसल्याची वार्ता देणारा दुसरा कोणी नाही, हे ध्यानात घेता एका ओळीची नोंद येथे अनाठायी ठरली नसती. जाणीवपूर्वक केलेले दुर्लक्ष आणि न केलेली तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत निर्णयाची खूण असते, दुसरीत ती नसते.

तिसरी भूमिका अपयश गृहीत धरून आधीच तरतूद करण्याची. तेजुन हिओ यांनी नव्याने रचलेली आणि २०१० साली २.६.३६ या आवृत्तीत आलेली ‘वर्कक्यू’ यंत्रणा कामानुसार थ्रेडांची संख्या कमी-अधिक करते. नवा कामकरी मिळाला नाही तर ती काही काळ थांबून पुन्हा प्रयत्न करते. परंतु स्मृती मोकळी करण्याचे कामच नव्या थ्रेडची वाट पाहत असेल आणि थ्रेडला स्मृतीच मिळत नसेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतील. म्हणून अशा कामांच्या रांगेसाठी एक ‘रेस्क्युअर’ थ्रेड रांग तयार करतानाच निर्माण केला जातो आणि तो न मिळाल्यास रांगच नाकारली जाते. पुढे कामकरी मिळेनासा झाला की या राखीव थ्रेडला हाक जाते. अपयशाचा क्षण येथे संकटातून काढून शांततेच्या काळात आणून ठेवला आहे. वचन देण्यापूर्वी थ्रेड निर्माण करण्याचे जे तत्त्व जेबीडीत कदाचित योगायोगाने साधले होते, ते येथे हेतुपुरस्सर आले आहे.

५. उपायातून उपजलेले अपयश

२०१३ सालचा एक बदल या विवेचनाला वेगळे वळण देतो. तोवर ‘केथ्रेड_क्रिएट’ला बोलाविणारी प्रक्रिया ‘केथ्रेड-डी’च्या उत्तराची खंडित न होणारी प्रतीक्षा करीत असे. स्मृती संपल्यामुळे नेमकी तीच प्रक्रिया मारण्यासाठी निवडली गेली, तर ती मरू शकत नसे. ती मरत नाही म्हणून स्मृती सुटत नसे आणि स्मृती सुटत नाही म्हणून थ्रेड निर्माण होत नसे. तेत्सुओ हांडा यांच्या दुरुस्तीने ही प्रतीक्षा मारता येण्याजोगी झाली. ही दुरुस्ती ३.१३ या आवृत्तीत आली. सोडून गेलेल्या प्रक्रियेमागे मागणीची नोंद अधांतरी राहू नये म्हणून ती नोंद स्वतंत्रपणे मागून घेतलेल्या स्मृतीत ठेवली गेली आणि दोघांपैकी जो शेवटी येईल त्याने ती मोकळी करावी, असे ठरले. अपयशाला तोंड देण्याच्या या व्यवस्थेलाही स्मृती लागते आणि ती न मिळणे हे अपयशाचे आणखी एक कारण बनते, ही त्यातील विसंगती नोंद घेण्यासारखी आहे.

या बदलाचा परिणाम अनपेक्षित ठिकाणी उमटला. उपकरणांची दखल घेणाऱ्या ‘यूडेव्ह’ या कार्यक्रमात २०१२ पासून ३० सेकंदांहून अधिक रेंगाळणारे काम मारून टाकण्याची तरतूद होती. काही डिस्क-नियंत्रकांच्या ड्रायव्हरांना सर्व डिस्क शोधण्यास याहून अधिक वेळ लागे. पूर्वी हा मारण्याचा सिग्नल ड्रायव्हरचे काम पूर्ण होईपर्यंत प्रलंबित राही आणि डिस्क दिसू लागत. नव्या व्यवस्थेत सिग्नल प्रलंबित असताना ड्रायव्हरने थ्रेड मागताच मागणी फसू लागली. स्कझी स्तराचा त्रुटी सावरणारा थ्रेड निर्माण होईना आणि डिस्क दिसेनात. त्यातही कळविलेला संकेतांक होता १२, म्हणजे ‘ई-नोमेम’ — स्मृती अपुरी. प्रत्यक्षात स्मृती मुबलक होती. २०१४ साली दुसऱ्या दुरुस्तीने सिग्नलमुळे झालेल्या अपयशासाठी ४ हा संकेतांक, म्हणजे ‘ई-इंटर’, देण्यास प्रारंभ केला. मूळ अडचण त्यामुळे मिटली नाही; ‘यूडेव्ह’ची कालमर्यादा वाढवावी लागली आणि ड्रायव्हरांच्या आरंभाची रीतही पुढे बदलावी लागली. परंतु शोध कोठे घ्यायचा, हे योग्य संकेतांकामुळे कळू लागले.

जेबीडीचे आणि हे प्रकरण शेजारी ठेवून पाहिले असता दोहोंतील साम्य लपत नाही. दोन्हींत खंडित न होणारी प्रतीक्षा दूर झाली, दोन्हींत अपयश कळविले जाऊ लागले आणि दोन्हींत ते प्रथम चुकीच्या नावाने कळविले गेले. ‘केथ्रेड_क्रिएट’चे अधिकृत वर्णन आज ‘ई-नोमेम’ व ‘ई-इंटर’ हे दोनच संकेतांक सांगते. प्रत्यक्षात खालच्या निर्मितीचा कोणताही संकेतांक, उदाहरणार्थ मर्यादा संपल्याचा ‘ई-अगेन’, तसाच वर येऊ शकतो. म्हणजे वर्णन आणि वर्तन यांतील अंतर अद्यापि पूर्ण मिटलेले नाही.

६. तपासणी कोणावर सोपवावी?

लेखकांनी अधिक दक्ष राहावे, एवढे सांगणे पुरेसे नाही. परतमूल्य दुर्लक्षिल्यास संकलकाने इशारा द्यावा, अशी खूण कर्नलमधील अनेक कार्यांवर केलेली असते. ‘केथ्रेड_रन’वर मात्र ती नाही. अर्थात अशा इशाऱ्याने परतमूल्य पाहिले जाईल. ते बरोबर पाहिले जाईलच असे नाही. शून्याशी तुलना करणारा लेखक इशाऱ्यातूनही निसटतो. अधिक परिणामकारक मार्ग म्हणजे कृत्रिम अपयश. स्मृतीची मागणी मुद्दाम फसविण्याची सोय लिनक्समध्ये २००७ च्या आरंभी आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून आहे. जी वाट वर्षानुवर्षे कोणी चाललेले नाही, ती चालण्याजोगी आहे का, हे असेच कळू शकते. तथापि यंत्र फक्त कर्नल कोसळला किंवा अडकला एवढेच पकडते. ‘डिस्कमध्ये बिघाड’ हा संदेश व्याकरणदृष्ट्या निर्दोष पण अर्थदृष्ट्या खोटा आहे, हे माणसालाच वाचून ओळखावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, कर्नल थ्रेडच्या आरंभीच्या अपयशाला सार्वत्रिक असे एकच योग्य उत्तर नाही. थांबणे, नाकारणे, पुढे जाणे अथवा आधीच तरतूद करणे यांपैकी काय योग्य, हे त्या थ्रेडवर कोणते वचन अवलंबून आहे आणि त्या क्षणी माघार घेता येते का, यावरून ठरते. दोन, अपयशाची तपासणी न करता केलेली प्रतीक्षा ही चारही भूमिकांहून निकृष्ट होय, कारण तीत निर्णयच नसतो. तीन, संकेतांक वर पोहोचविणे ही अर्धी जबाबदारी आहे. तो वर जाताना त्याचा अर्थ न बदलणे ही उरलेली अर्धी.

२००७ ची दुरुस्ती या कसोटीवर पहिल्या दोन बाबतींत उत्तीर्ण होते आणि तिसरीत अपुरी पडते. तरीही तिचे मोल कमी होत नाही. जो थ्रेड आलाच नाही त्याची वाट पाहणे तिने थांबविले, आणि त्यामुळेच तो का आला नाही, हा पुढचा प्रश्न विचारता येऊ लागला.